चादरीच्या पाठीवरचा लाल पोपट

अप्पांनी चादर उलटी केली आणि ओरडले, "हा लाल कसा झाला बे?"

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा काळ. अप्पा सोलापुरातल्या त्या चादर कारखान्याचे मालक, मी डिझाईन मास्तर. ऑर्डर समुद्रापलीकडच्या एका बेटावरच्या हॉटेलची. तिथल्या जंगलात फळं खाऊन राहणारा एक पोपट आहे, हिरवागार. त्याचा फोटो आला होता आणि पत्रात अट होती: चादर दोन्ही बाजूंनी सारखी हवी. मी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवून पोपट काढला, त्यावरून कार्डांना भोकं पाडून घेतली. जिथं भोक, तिथं मागावरचं जॅकार्ड यंत्र धागा उचलतं. एवढंच शास्त्र.

घोळ वेगळाच होता. आमची चादर दुहेरी विणीची. वर लाल कापडावर हिरवा पोपट आला, की खाली हिरव्यावर लाल पोपट येणारच. सोलापुरी डोळ्याला ही उलटापालट एरवी दिसतच नाही; पोपट लाल झाला तेव्हा कुठं अप्पांना दिसली. आम्ही तिला सारखीच म्हणतो. पत्र वाचून मीच छातीठोकपणे "होईल की" म्हणालो होतो.

साठ चादरी विणून झाल्या होत्या आणि हॉटेलचा मॅनेजर त्याच दुपारी माल बघायला येणार होता.

"ऑर्डर गेली तर तूबी जा," अप्पा म्हणाले. "घरी बसून रंगव पोपट."

माझी पाचावर धारण बसली. विणकर नरसय्या मात्र शांत. "मास्तर, लाल पोपट आत घालून घडी मारू की. पाहुणा कशाला उलटतोय?"

मारल्या घड्या.

मॅनेजर आला. फुलाफुलांचा शर्ट, घामाघूम. पहिलीच चादर त्यानं उलटली. मग दुसरी उलटली. मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"तुमचा डिझायनर आमच्या बेटावर आला होता का?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "या पोपटांत नर हिरवा आणि मादी लाल असते. आम्ही फोटो फक्त नराचा पाठवला होता. यानं मादी कुठून काढली?"

मी तोंड उघडणार, तोच अप्पा गरजले, "स्टडी, सर! फुल स्टडी!"

ऑर्डर राहिली, मीही राहिलो. पुढच्या आठवड्यात अप्पांनी मोराची ऑर्डर आणली आणि फर्मावलं, पाठीमागं लांडोर पाहिजे. मी तासभर समजावलं की मोराच्या मागं मोरच येतो, पिसाऱ्यासकट.

"पोपटाला जमलं, मग ह्याला काय धाड भरलीय?"

चुकून जमलेलं काम आपण मुद्दाम केलं, असं मालकाला कधी वाटू देऊ नये. तो ते पुन्हा मागतो.