एका डब्यात दहा

शुक्रवारी संध्याकाळी मला घरी जायची घाई होती, म्हणून साठ अळ्या साठ वाट्यांत ठेवायच्या सोडून मी सहा डब्यांत दहा-दहा कोंबल्या. झाकणांना भोकं पाडली, वर झोकदार अक्षरात तारीख घातली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन शीळ घालत निघालो. सोमवारी डबे उघडले तर साठाच्या अकरा झाल्या होत्या. अकराही गुटगुटीत. बाकीच्यांची फक्त डोकी उरली होती.

ही अळी शेंगा खाते हे मी पुस्तकात वाचलं होतं. शेजारीण हाताशी असली तर ती शेंगेकडे बघतही नाही, हे मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. मान डोलवण्यात मी शाळेपासून पहिला.

मावशी म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या तळमजल्यावरल्या किड्यांच्या खोलीच्या सर्वेसर्वा. त्याआधी पंधरा वर्षं त्या पाळणाघरात होत्या. दोन्हींत फरक काय, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "तिथली पोरं नुसती चावायची."

त्या सोमवारी त्यांनी सहाही डबे बघितले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बोला, शास्त्रज्ञ. किती उरल्या?"

"अकरा."

"आणि अक्कल?"

त्यांनी अकरा वाट्या काढल्या आणि बारीक कुंचल्याने एकेक अळी उचलून वेगळी केली. प्रत्येक वाटीचं झाकण त्यांनी दोनदा दाबून पाहिलं.

कारण त्या अळ्या साध्या नव्हत्या. पेशीत जे प्रथिन निकामी होतं, त्याला युबिक्विटिन नावाचं एक चिमुकलं प्रथिन जाऊन चिकटतं, मोडीत काढायच्या सामानावर चिठ्ठी डकवावी तसं. त्याचं जनुकही गमतीदार. एकच मजकूर, मध्ये जागा न सोडता, एकापुढे एक लिहिलेला. त्यावरून आधी लांब साखळी बनते, मग तुकडे पडून सुट्या चिठ्ठ्या होतात. आमच्याकडच्या बाकी अळ्यांत तो मजकूर नऊ वेळा होता. या एका घराण्यात सहाच वेळा. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचं सगळं काम त्यावर चाललेलं. घराणं बुडालं तर खोलीला कुलूप, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

आणि खोलीला कुलूप म्हणजे मावशींना घरी बसणं. त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. घर पाच मिनिटांवर असल्याने दुपारी जाऊन तिला भरवून, कूस बदलून परत येता यायचं. एवढ्या जवळ दुसरं काम कोण देणार?

सर खाली आले. मावशी माझ्याआधीच बोलल्या, "माझ्या खोलीत झालं. चूक माझी."

सर गेल्यावर मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "राहू द्या. पाळणाघरातही ज्याने फोडलं तो कधी बोलायचा नाही."

दुपारपर्यंत मी रिकामे डबे धूत बसलो. शेवटी मी वर जाऊन सरांना सगळं सांगितलं.

"ठाऊक आहे," सर कागदातून डोकं न काढता म्हणाले. "डब्यांवरचं अक्षर तुझं आहे. पण कुलूप कुणाच्या चुकीने लागलं, हे कुलपाला काय कळणार? अंडी आण."

अकरांपैकी नऊंनी कोष केले. मावशींनी भिंग लावून एकेका कोषाचं शेपूट तपासलं. "नर. नर. हाही नर." आठ नर झाले. नववा त्यांनी उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. "ही मुलगी," म्हणाल्या आणि तिला वेगळ्या वाटीत ठेवलं.

कोषात काय चालतं, असं त्यांनी तेव्हा विचारलं. मी सांगितलं, की अळीचं शरीर मोडून पतंगाचं घडतं, त्यामुळे हे जनुक त्या दिवसांत जोरात कामाला लागतं. उन्हाचा चटका बसला तरी तसंच.

"म्हणजे घर बदलताना भंगार जास्त निघतं," त्या म्हणाल्या. मला हे समजावून घ्यायला दोन वर्षं लागली होती.

पतंग बाहेर आले. कापसाच्या बोळ्यावर साखरपाणी ठेवलं, अंडी घालायला कापडाची पट्टी टांगली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी मावशींनी पट्टी चाचपली.

"नवं कापड कुणी लावलं?"

"मीच. स्वच्छ म्हणून."

"खळ आहे हो त्याला! तिला पाय टेकवेना." दुपारी घरून येताना त्यांनी बहिणीच्या उशीचा जुना, धुऊन मऊसूत झालेला अभ्रा आणला, फाडला आणि पट्टी बदलली.

दुसऱ्या सकाळी त्या पट्टीवर पांढरे ठिपके होते. मोजायला गेलो तर तीनशेच्या पुढे चुकलो. मावशींनी नुसता कुंचला माझ्या हातात दिला. "वाट्या धुवा. एकेकीला एकेक."

कुलूप लागलं नाही. पट्टी सरांना दाखवून परतताना मात्र मावशींनी विचारलं होतं, "नऊंचं काम सहांत भागतं कसं? का कुठेतरी अडतंय?" मी छाती फुगवून म्हणालो होतो, "सांगतो की. एवढं तर तुमचं देणं लागतो."

माझे आलेख झाले, तक्ते झाले. उत्तर काही मिळेना. मावशी दर सोमवारी वाट्या पुसता पुसता विचारतात, "काय शास्त्रज्ञ, सापडलं?"

"पुढच्या सोमवारी," मी म्हणतो.

तेवढ्या वेळात अळ्यांच्या पाच पिढ्या झाल्या.