आडवं व्हायला घाबरलेला माणूस

गंगापूर रोडला बाईंच्या बंगल्याच्या पुढच्या हॉलमध्ये आमचा योगासनांचा वर्ग भरायचा. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते. बी.ए. झालं होतं, नोकरी नव्हती आणि घरात लग्नाची बोलणी चालू होती. बाईंकडे शिकता शिकता मी त्यांच्या हाताखाली काम करू लागले होते. त्या पुण्याला शिकून आलेल्या, शिस्तीच्या. मला फक्त शाळकरी मुलींचा वर्ग घ्यायची परवानगी होती. आजारी माणसाला त्यांच्या माघारी कुणी हात लावायचा नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या मंगळवारी बाई पुण्याला गेल्या होत्या. दुपारी चारच्या सुमाराला मी घोंगड्यांच्या घड्या घालत होते, तेवढ्यात दारात फुलवाल्या मावशी उभ्या राहिल्या. बाईंच्या पूजेची फुलं त्याच आणून द्यायच्या. गंगापूरच्या अंगाला त्यांचा शेवंतीचा मळा होता. आज हातात टोपली नव्हती. मागे त्यांचे यजमान होते. या काकांना मी सायकलला फुलांच्या करंड्या बांधून बाजाराकडे जाताना कितीदा पाहिलं होतं. आता ते दाराची चौकट धरून उभे होते.

"बाई हायेत का?"

"पुण्याला गेल्यात. परवा येतील."

मावशी मटकन पायरीवर बसल्या. "परवापर्यंत हे टिकायचे नाय, ताई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. महिन्याभरापूर्वी काकांना मळ्यातच हार्ट अटॅक आला. दहा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, आता धोका नाही, हिंडा-फिरा, गोळ्या घ्या. पण घरी आल्यापासून काका आडवे होईनात. वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा माणूस दुपारी जेवून आडवा झाला होता तो उठलाच नव्हता. "आडवं झालो की गेलो, असं ह्यांच्या डोक्यात बसलंय. रात्रंदिवस भिंतीला टेकून बसतेत. डोळा लागला की दचकून उठतेत. बाईंनी माझ्या बहिणीला दम्यात उशा लावून झोपवलं व्हतं. तसं करा ना ह्यांना."

"मावशी, मला ते करायची परवानगी नाही. तुम्ही डॉक्टरांकडे जा."

"कालच जाऊन आलो. ते म्हणतेत, छाती चांगलीये, भीती सोडा."

काका पहिल्यांदाच बोलले. "चल गं. पोरीला कशाला अडचणीत घालते." ते वळले आणि वळता वळताच त्यांचा तोल गेला. खांदा दारावर आपटला. उभ्या उभ्याच त्यांचे डोळे मिटले होते.

मी म्हणाले, "आत या."

सुप्त बद्धकोणासनाची मांडणी मला पाठ होती. लांब लोड घेतला, डोक्याच्या बाजूने त्याखाली लाकडी विटा लावून त्याला उतार दिला. वर उशीपुरती घोंगडी. अशा लोडावर पाठ टेकली तरी माणूस सपाट आडवा होत नाही, छाती वर राहते. तळव्याला तळवा लावायचा, गुडघे बाजूंना सोडायचे आणि त्यांच्याखाली घड्यांचा आधार द्यायचा. पाय सरकू नयेत म्हणून नवारीची पट्टी कमरेभोवती आणि पावलांभोवती बांधतात. मी पट्टी हातात घेताच काका मागे सरकले.

"ते नको. तिरडीला बांधतेत तसं वाटतं."

पट्टी मी खोलीबाहेर नेऊन ठेवली. पावलांपुढे घोंगडीची गुंडाळी लावली. ते कोपरांवर टेकायचे आणि पुन्हा उठून बसायचे. तीनदा असं झालं. चौथ्यांदा त्यांनी माझं मनगट धरलं.

"उठवशील ना?"

"उठवीन. डोळे मिटू नका. वर पंख्याकडे बघा. श्वास नुसता बाहेर सोडा, आत तो आपोआप येईल."

मावशी त्यांना दिसतील अशा समोर बसल्या. माझ्या मनगटावर काकांची बोटं रुतली होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग बोटं सैल झाली आणि हात घोंगडीवर पडला.

"ताई," मावशी कुजबुजल्या, "हे हलत नायेत का हो?"

मी त्यांच्या नाकापुढे बोट धरलं, पण काही कळेना. बाई, पोलीस, माझे वडील, मोडलेलं लग्न, सगळं एकदम डोक्यात आलं. समोर माणूस असा पडलेला असताना मला आधी माझंच काय होईल हे सुचलं, याची लाज मला तेव्हाही वाटली. मी त्यांच्या पोटावरच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिले. ते जागचं हललं नाही. मग हळूच वर आलं. खाली गेलं. पुन्हा वर आलं, आणि काका घोरायला लागले.

मावशींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि त्या आवाज न करता रडल्या.

पाच वाजता मुली येणार होत्या. मी फाटकात उभी राहून एकेकीला परत पाठवलं. मग आत येऊन काकांचे गुडघे सावकाश जवळ घेतले, पाय लांब केले. त्यांना कळलंही नाही. दिवेलागणीला ते दचकून उठले, छातीला हात लावला, खिडकीकडे बघितलं.

"उठवलं नाहीस."

"तुमचे तुम्हीच उठलात."

त्यांनी पाणी मागितलं आणि अख्खा तांब्या संपवला.

गुरुवारी बाई आल्या. मावशींकडून कळण्याआधी मीच त्यांना सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तो झोपला म्हणून तुझं बरोबर होतं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"मग का केलंस?"

"ते परत चालले होते."

मुलींचा वर्ग बाईंनी माझ्याकडून पंधरा दिवस काढून घेतला. पण त्याच दुपारी मला रिक्षात घालून काकांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मी काय काय केलं ते माझ्याच तोंडून त्यांना सांगायला लावलं. हाच उपाय पुढे चालू ठेवायला डॉक्टरांनी होकार दिला. तिथून आम्ही मळ्यात गेलो. मावशींच्या घरी लोड कुठला असणार? भुसा भरलेलं पोतं आणि वर सहा गोधड्या, असा उतार बाईंनी करून दिला. दर पंधरवड्याला एक गोधडी कमी करायची, त्याआधी नाही.

तीन महिन्यांनी शेवटची गोधडी आणि तिच्याखालचं पोतं काढायला बाईंनी मला एकटीला पाठवलं. काका सपाट सतरंजीवर आडवे झाले. मावशी आणि मी दोन बाजूंना श्वास रोखून बसलो होतो. त्यांनी एकदा मावशींकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"दोघी अशा बघत बसल्या तर माणूस झोपंल कसा?" ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.