धारवाल्याचा डावा हात

धारवाल्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत कायम गुळगुळीत असायचा. सुरी परजून झाली की तो तिथले चार केस उडवून बघायचा. उडाले तर धार लागली, नाहीतर पुन्हा बसा. त्यामुळे धंदा जोरात असला की हात चकचकीत आणि मंदी आली की हातावर रान. बायकोला काही विचारावं लागत नसे; ती हात बघायची.

यंदा रान माजलं. बोथट सुरी फेकायची आणि नवी आणायची, अशी लोकांची रीत झाली. त्यात ह्या दीडशहाण्याने स्वतःच्या डोक्यातून एक सुरी काढली: पाठीवर करवतीचे दात, टोकाला आकडा, मधोमध भोक.

"आकडा कशाला?" एका गिऱ्हाइकाने विचारलं. धारवाल्याने सुरी उलटीपालटी करून बघितली. भोकाचं त्याने विचारलं नाही, हे नशीब. शेवटी ती सुरी दुकानातल्या खिळ्यावर लटकली, तेवढाच त्या भोकाचा उपयोग.

बायको दवाखान्याच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभ्याने भाजी चिरायची आणि हा दुकानात माश्या मारायचा. पण धंदा बसला हे तिला सांगायची छाती होईना. मग काय केलं पठ्ठ्याने? सकाळी मोरीत बसून, साबण लावून, वस्तऱ्याने हात भादरायला लागला. पन्नाशीचा बाप्या आणि हाताची दाढी! त्याचं त्यालाच हसू यायचं, मग लाजही वाटायची.

एका संध्याकाळी चहा देताना तिने त्याचा हात धरला, हुंगला.

"धार लावायला साबण कधीपासून लागतो हो?"

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"धंदा बसलाय गं," तो म्हणाला. "तू राबतेस आणि मी नुसता बसून असतो."

ती आत गेली आणि स्वतःची सुरी घेऊन आली. धार अशी, की टोमॅटोलाही गुदगुल्याच व्हाव्यात.

"मागे हातावर केस दिसले तेव्हा म्हटलं, आता ह्यांना सवड आहे, आता धार लावून मागू. दुसऱ्या दिवशी बघते तर हात गुळगुळीत. म्हटलं जाऊ दे, कामात असतील."

बोलताना ती मनगट चोळत होती. कधीपासून चोळत होती कोण जाणे. साऱ्या गावाच्या सुऱ्या परजणाऱ्याला घरातलं मनगट दिसलं नव्हतं.

"कशी करून देऊ?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

"मूठ जाड. टोक घासून बोथट करा, पिशवीत टोचतं. आणि आकडा नको."

त्याने मुठीवर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळली, टोक घासलं. मग जुन्या रबरी चपलेच्या तळाला पॉलिश पेपर चिकटवला. रबर जरा दबतं, म्हणून पातं सपाट घासलं जात नाही. धारेला दोन्ही अंगांनी हलकं पोट येतं आणि ती लवकर तुटत नाही. पातं मात्र मागेच ओढायचं. घाईत त्याने पहिलाच हात पुढे ढकलला आणि कागद टरकन फाटला. उभा जन्म ह्यात गेला, आणि चूक नवशिक्याची!

"सावकाश," बायको म्हणाली.

दुसऱ्या कागदावर धार झाली तसा सवयीने त्याने डावा हात पुढे केला. तिथे होतं काय उडवायला, कपाळ? तिने त्याचा उजवा हात ओढला, बाही वर सारली आणि सुरी स्वतः घेतली.

"हलू नका." चार केस अलगद खाली पडले.

"लागली," ती म्हणाली. "आणि उद्यापासून हात भादरायचा नाही. मला बघायला लागतो तो."

त्याने मान हलवली. मग उजवी बाही खाली ओढली.