धरणातले थोरले

सातवीत शाळा सुटली, पुढे लग्न झालं, आणि परभणीकडून मी थेट गंगापूर धरणाच्या काठी येऊन पडले. नव्वदचं दशक तेव्हा सरत आलं होतं. नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला होता. राहायला खोली मिळाली ती एका माळ्याच्या मळ्यात. मळ्याची मालकीण, तिला मी मावशी म्हणायचे, भाडं घेत नव्हती. तिच्याबरोबर गाजरं काढायची, धरणाच्या पाण्यात धुवायची, एवढंच.

आमच्या गावाकडे पाणी टँकरनं यायचं. इथे सकाळच्या धुक्यात ते कुठे संपतं तेच कळत नसे. त्या पाण्यात कुणीतरी राहतं, असं सगळे म्हणत. मासे धरणारा सांगे, पाठ उलट्या होडीएवढी. दूधवाल्याला नुसती मान दिसली होती, भिजलेल्या खांबासारखी. मावशीच्या सुनेनं दोनदा पाहिलं होतं, पण कसं होतं ते ती सांगेना. "थोरल्यांचं कुणी असं वर्णन करतं का?" म्हणायची. मळ्यातल्या बायका त्याला थोरलेच म्हणत. दिसले की सासऱ्यासमोर घ्यावा तसा डोक्यावर पदर घ्यायचा, आवाज करायचा नाही, ते जाईपर्यंत उभं राहायचं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी त्या पौषातल्या सकाळी व्हायचं ते झालं. मावशी आणि मी काठावर होतो, शेजारी धुतलेल्या गाजरांचा ढीग. धुकं जरा विरलं आणि पाण्यातून काळीभोर पाठ वर आली. पाणी तिच्यावरून निथळत होतं, पण त्याचा आवाज नव्हता. बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं. मग ती पाठ आमच्या ढिगाकडे सरकायला लागली. मला वाटलं, कुणाची तरी म्हैस सुटली, आता गाजरं खाणार. मी "हाऽल्या, हाऽल्या" करत ढेकूळ उचललं आणि मारलं.

पाठ थबकली, हळूच खाली गेली. वळून पाहिलं तर मावशी डोक्यावर पदर घेऊन उभी.

ती म्हैसच होती का, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाची म्हैस हरवल्याचं मात्र कानावर आलं नाही.

दिवसभर मावशी माझ्याशी बोलली नाही. सून बोलली. "सासऱ्याला ढेकूळ मारलं का गं? तुमच्याकडं अशीच पद्धत हाय?" ती हसत होती. खोली गेली तर जायचं कुठे? नवऱ्याची नोकरी अजून कायम नव्हती. संध्याकाळी मी मुकाट्यानं भांडी पोत्यात भरली.

मावशीनं दारातून पोतं पाहिलं. "कुठं निघाली?"

"तुम्ही जा म्हणाल म्हणून."

"मी कोण जा म्हणणारी? ज्यांना लागलं त्यांना विचारू सकाळी."

सकाळी तिनं मला पाण्याशी नेलं, स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर पदर ओढला आणि धुक्याकडे तोंड करून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली, "नवीन सून हाय. तिच्या गावाला एवढं पाणी नाय, तिला वाटलं म्हैस. राग धरू नका."

मावशी मला सून म्हणाली. मी मान खाली घालून उभी राहिले. वारा नव्हता, तरी कुठूनशी एक लाट आली आणि माझ्या पावलांवरून परत गेली.

"झालं," मावशी म्हणाली. "जा, भांडी लाव जागेवर. अन् लवकर ये, गाजरं न्यायला टेंपो येईल."