खिडक्या उघडणारी बस

आमच्या कंपनीत नव्या बसेस आल्या तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलो मी. जर्सी सिटीच्या एका टोकाला आमचं गॅरेज होतं आणि तिथला मी मेंटेनन्स इंजिनिअर. कुठलं इंजिन घ्यायचं, सीट कशा हव्यात, एसी केवढा, या सगळ्यात मी नाक खुपसलं होतं. जुन्या बसेस म्हणजे नुसता खटारा. खिडक्या हातानं वर सरकवायच्या, हिवाळ्यात फटीतून वारा, उन्हाळ्यात आत भट्टी. नव्या बसला काचा कायमच्या बंद, आत गारेगार, मऊ कापडी सीट. पहिली बस गॅरेजात शिरली तसा बायकोला फोन केला. ती म्हणाली, "नारळ फोडलास की काय?" म्हटलं, अगं आपण बौद्ध, नारळ कशाला फोडतोय? गॅरेजभर पेढे वाटले मात्र. गोऱ्या मेकॅनिकांनी ते साबणाच्या वडीसारखे हुंगून खाल्ले.

आणि नेमकी तेव्हाच ती साथ आली. एड्स. ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं, आता सांगून कुणाला पटायचं नाही. लोक दाराची कडी रुमालानं धरत. आमच्या एका रूटवर मोठं हॉस्पिटल होतं आणि तिथं उपचाराला जाणारी माणसं आमच्याच बसनं जायची. वाळलेली, गालफडं बसलेली, कुणाच्या मानेवर जांभळे डाग. असा कुणी चढला की त्याच्या शेजारची सीट रिकामी. गर्दीत लोंबकळत उभे राहायचे लोक, पण तिथं बसायचे नाहीत. आरोग्य खात्यानं पोस्टरं पाठवली होती: शेजारी बसल्यानं, हात मिळवल्यानं, एका कपातून प्यायल्यानं हा रोग होत नाही. ती ड्रायव्हरच्या सीटमागे माझ्याच माणसांनी, माझ्यासमोर चिकटवली. लोकांनी ती वाचली आणि तक्रारी दुप्पट केल्या. बंद काचांची बस, तीच हवा सगळ्यांच्या नाकात, कापडी सीटवर घाम मुरतो, असं त्यांचं म्हणणं.

बॉस गरम डोक्याचा माणूस. कुणाला चढू नका म्हणायचं नाही, असं वकिलानं बजावलं होतं, त्यामुळे तो आणखीच उखडलेला. मला बोलावून म्हणाला, "तू इंजिनिअर ना? मग काढ काहीतरी मार्ग."

मी काढला. अर्ध्या तासात काढला हो, डोकं कसं घोड्यासारखं धावलं! भंगारात जायच्या जुन्या बसेसपैकी एक धडधाकट ठेवायची. तिच्या सीट प्लास्टिकच्या, पाण्यानं धुता येतात. खिडक्या उघडतात, हवा खेळती राहते. नव्या बसच्या जरा आधी ती सोडायची आणि पाटी लावायची, 'हॉस्पिटल स्पेशल'. कुणाला हाकलायचं नाही, कुणाचा अपमान नाही, लोक आपोआप आपापल्या बसमध्ये बसतील. बॉसनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा घसरला.

त्या बसवर एक वयस्कर काळा ड्रायव्हर दिला होता, अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या कुठल्याशा गावातून आलेला. पाटी लावताना तो मला म्हणाला, "मी लहान असताना आमच्या गावात आम्हाला बसच्या मागच्या सीटांवर बसवायचे. तू तर अख्खी बसच देऊन टाकलीस." मी हसलो. गंमत करतोय म्हटलं. आणि सँडविच खायला बसलो.

त्याच सुमारास बायकोला दिवस भरत आले म्हणून नागपूरहून आई आली. डिंक, खारीक, अळीव, सगळं दुकान बॅगेत भरून. आमची आई म्हणजे काय चीज होती ते सांगितलं पाहिजे, नाहीतर तिला कुणी साध्वी समजायचं. भांडकुदळ, हट्टी, प्रवासात खिडकीची जागा मिळाली नाही तर मुक्कामापर्यंत बडबडणारी. सिझेरियन झालं, मुलगी झाली, बाळाला कावीळ म्हणून दोघींना हॉस्पिटलात ठेवून घेतलं. मी कामावर, आणि तिथलं उकडलेलं जेवण बाळंतिणीला द्यायचं म्हणजे आईच्या मते पापच. मग रोज सकाळी डबा घेऊन ती बसनं जाऊ लागली. पहिल्या दिवशी मी तिला थाटात नव्या बसमध्ये बसवलं. म्हटलं, "आई, ही तुझ्या लेकानं आणलेली बस."

संध्याकाळी तिचं तोंड सुरू. "हे काय बस हाय का फ्रिज? माहे गुडघे आखडले. अन् खिडकी काऊन उघडत नाही?"

दुसऱ्या दिवसापासून ती परस्पर जुन्या बसमध्ये बसायला लागली. मला पत्ताच नाही. पहिल्या दिवशी त्या ड्रायव्हरनं आम्हा दोघांना स्टॉपवर पाहिलं होतं, आठवडाभरानं गॅरेजमध्ये त्यानंच सांगितलं, "तुझी आई रोज माझ्या बसमध्ये असते. त्या बारक्या माणसाच्या शेजारी बसते, डब्यातलं काहीतरी गोल गोल काढून त्याला भरवते. तो इंग्रजीत बोलतो, ती तिच्या भाषेत. हॉस्पिटल येईपर्यंत दोघं थांबत नाहीत."

तो माणूस मला माहीत होता. पूर्वी शाळेत गाणं शिकवायचा म्हणे. तिशीतला असेल, दिसायचा साठीचा. आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच नावानं यायच्या.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तो बूट न काढताच आईवर घसरलो. म्हटलं, उद्यापासून त्या बसमध्ये पाऊल टाकायचं नाही.

"काऊन?"

"ती आजारी लोकांसाठी वेगळी ठेवलीय."

आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "कोणं ठेवली?"

आता इथं बॉसचं नाव सांगता आलं असतं. पण आईसमोर खोटं बोललं की माझे कान लाल होतात, हे तिला माझ्या लहानपणापासून ठाऊक. "मी," म्हटलं.

तिचे हात थांबले. "त्याइले विचारलं होतं का तू, तुम्हाले वेगळी पाहिजे म्हणून?"

मी मग खेळत्या हवेवर, धुता येणाऱ्या सीटवर व्याख्यान झोडलं. तिनं ऐकून घेतलं. मग कणकेचा गोळा ताटलीखाली झाकून ती म्हणाली, "त्याच्या अंगात काही नाही रे, नुसती हाडं. बाळंतिणीच्या डब्यातला एक लाडू देल्ला तर काय बिघडलं?"

एवढंच. माहेरच्या त्या कपाचं ती काही बोलली नाही. तिनं बोलावं असं मला फार वाटत होतं, म्हणजे भांडता तरी आलं असतं. आईच्या माहेरच्या गावात चहाच्या हॉटेलाबाहेर आमच्या लोकांसाठी खिळ्याला एक कप टांगलेला असायचा. आपण काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन झाला की आपणच धुऊन परत टांगायचा. लहानपणी तिनं मला हे इतक्यांदा सांगितलंय की तो कप, त्याचा मोडलेला कान, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. दर चौदा एप्रिलला इथं न्यू जर्सीत कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये आपली माणसं जमतात, तिथं मी त्या कपावर भाषण केलेलं आहे. टाळ्या घेतल्यात. आणि मीच खिडक्यावाला, इंजिनवाला, चाकांचा कप करून रस्त्यावर सोडला होता. ते त्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला समजलं. समजून मी काय केलं? काही नाही. टीव्ही लावला.

कारण मला भीती वाटत होती. पोस्टर मीच चिकटवून घेतलं होतं, डॉक्टरांना विचारून खात्रीही केली होती, तरी भीती वाटत होती. घरी येणारं बाळ तळहाताएवढं होतं.

बाळाला घरी सोडायचा दिवस आला. आई नेहमीसारखी सकाळीच, माझं न ऐकता त्याच बसनं, पुढे गेली होती, मी मागून कार घेऊन पोचलो. हॉस्पिटलच्या दारातच ती आणि तो माणूस उभे. तिनं त्याला लाडवांचा उरलेला डबाच देऊन टाकला. मग दोन्ही हात त्याच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली. त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, हे काय? म्हटलं, तुमची पीडा ती स्वतःवर घेतेय. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "ड्रायव्हर सांगत होता ही बस तुम्ही आमच्यासाठी ठेवलीत. त्या दुसऱ्या बसमध्ये माझ्याजवळ कुणी बसत नाही. इथं निदान खिडकी उघडता येते, आणि तुमची आई भेटली. थँक्यू."

मी काय म्हणालो असेन? "यू आर वेलकम." अगदी ऐटीत. अजून ते शब्द आठवले की जीभ उपटावीशी वाटते.

घरी आलो. बायको बाळाला घेऊन सोफ्यावर टेकली. आईनं पायातल्या चपला सोडल्या, पदर खोचला आणि हसत हसत बाळाकडे दोन्ही हात पसरले, "आण वं माही चिमणी!"

आणि मी म्हणालो, "आई, आधी आंघोळ करून घे. मग घे तिला."

आई तशीच उभी राहिली, हात पसरलेले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आई रागावेल, मला उभा आडवा घेईल म्हणून मी वाट बघत होतो. ती तर साध्या साध्या गोष्टीवर भांडणारी बाई. पण ती नाही भांडली. तिनं हात खाली घेतले, भिंतीच्या कडेकडेनं, सोफ्याला पदर लागू न देता, बाथरूमकडे गेली. असं अंग चोरून चालताना मी तिला आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते चालणं ती कुठं शिकली असेल ते मला न सांगता कळलं. नळाचं पाणी फार वेळ वाहत होतं.

नाहून आली, बाळाला घेतलं, ओव्या म्हटल्या, सगळं केलं. दुपारी चहा झाला. आमचे कप सिंकमध्ये गेले. आईनं चहा स्टीलच्या पेल्यात घेतला होता, आपला आपण विसळला आणि भांड्यांच्या रॅकमध्ये न ठेवता खिडकीत उपडा घातला. बायको म्हणाली, "आई, इकडे ठेवा ना." आई म्हणाली, "राहू दे, सवय हाय मले." टोमणा मारला असता तर मी सहन केलं असतं. तिनं ते अगदी साधेपणानं म्हटलं, मीठ दे म्हणावं तसं.

पुढच्या आठवड्यात मी बॉसकडे गेलो. ती बस बंद करा म्हटलं. तो म्हणाला, वेड लागलंय का, तक्रारी थांबल्यात. मग मी पहिल्यांदाच त्याच्यावर आवाज चढवला. म्हटलं, तुम्ही बंद करत नसाल तर मी इंजिनिअर आहे, उद्याच तिच्यावर अनफिट म्हणून लिहून देतो, बघू कोण रस्त्यावर काढतं. तो तोंडाला येईल ते बोलला, पण बस भंगारात गेली. त्या सोमवारी मी स्वतः नव्या बसमध्ये चढलो. तो माणूस मधल्या एका सीटवर एकटा बसला होता, शेजारी जाऊन बसलो. खांदा खांद्याला लागत होता. तो म्हणाला, "खिडकी उघडत नाही हो हिची." म्हटलं, "हो, माझीच चूक."

त्या दिवशी घरी पळतच गेलो. आई खुर्चीत बसून चहा पीत होती, बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं. म्हटलं, "आई, ती वेगळी बस बंद केली मी. आता सगळे एकाच बसमध्ये."

"बरं केलं," ती म्हणाली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खरंच खूश झाली, दिसत होतं मला. मग बाळाला माझ्या हातात दिलं, उठली, आपला पेला विसळला आणि खिडकीत नेऊन उपडा ठेवला.