सांगली ते सातारा, विमानाने

माझी धाकटी बहीण साताऱ्याला राहायची. ती रात्री वारली तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा दिल्लीला होता. तो लष्करात आहे. सकाळी मला सांगलीला त्याचाच फोन आला.

"मावशी, विमानानं पुण्याला उतरतो, तिथनं गाडीनं येतो. दुपारपर्यंत पोचतो. तू निघ."

"साडी घ्यायची हाय. दुकान उघडंस्तवर थांबाय पायजे."

आमच्यात बाईला शेवटची साडी माहेरची घालतात, तीही कोरी. भाऊ गेले, भावजया गेल्या. माहेर म्हणून मी एकटीच उरले होते.

"घे की. तू तर जवळच आहेस. फोनवर बघतोय मी, सरळ अंतर शंभरेक किलोमीटर. विमानाला वीस मिनिटंपण लागत नाहीत."

"कुठल्या विमानाला? आमच्या इमानतळाच्या जागेवर म्हसरं चरत्यात."

तो हसला नाही. त्याची आई गेली होती. पण घरच्यांना त्याने सांगून ठेवलं, मावशी माझ्या आधी पोचेल, मी आलो की उचलू.

आमच्या विश्रामबागेतलं दुकान उशिराच उघडलं. दुकानदाराने विचारलं, कुणाला द्यायची. म्हटलं, बहिणीला.

"मग जरा चांगली दाखवतो."

"दाखव."

कराडजवळ रस्त्याचं काम चाललेलं. एसटी जी उभी राहिली ती हलेना. कंडक्टर म्हणाला, "आजी, चालत गेला तर लवकर पोचाल."

"तू हो फुडं. मी येते मागनं."

भाच्याचा फोन आला. "कुठं आहेस?"

"कराड."

बऱ्याच वेळाने परत फोन आला. "अजून कराडच?"

त्यानंतर आला नाही.

मी पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. भाचा पायरीवर बसला होता.

"मावशी, लोक थांबेनात गं. कालपासून ठेवलं होतं."

"आन साडी?"

"शेजारच्या काकूंनी आणली. माहेरची म्हणूनच घातली."

"त्या काय तिच्या माहेरच्या?"

दिल्लीवरनं तो वेळेत आला आणि सांगलीवरनं मी आले नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

तेरावा होईपर्यंत राहिले. निघताना साडी तिथेच ठेवावी म्हटलं, तर घरातलं कुणी हात लावेना. मेलेल्या माणसासाठी घेतलेली. दुकानात परत देता येत नाही, अंगावर घालता येत नाही. परत सांगलीला घेऊन आले.

माझ्या खोलीची एक किल्ली शेजारणीकडे असते. तिला बोलावून दाखवलं. "ह्या पेटीत वरच कोरी साडी हाय. माझ्या वक्ताला हीच घाल."

"आवं मावशी, काय पण बोलताय! माहेरचं कुणीतरी घेऊन येईलच की."

"कोण?"

ती पेटीकडे बघत राहिली.

"पेटीची किल्ली कुठं आसती?" तिने विचारलं.

"कुलूप न्हाई," मी म्हणाले.