उजव्या खांद्यावरचे जानवे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुलाने आमच्या देवपूरच्या घरी स्कॅनर आणला. नुसते कागद वाचणारा स्वस्तात मिळत होता. पण जुन्या निगेटिव्ह जपाव्यात या माझ्या आग्रहापायी त्याने फिल्म घालण्याची चौकट असलेला निवडला. दुसऱ्या दिवशी जळगावला माझ्या थोरल्या बंधूंच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची होती. म्हणून पहिली निगेटिव्ह मी त्यांचीच घेतली, पूजा करतानाची, आणि स्वतःच्या हाताने चौकटीत सरकवली.

पडद्यावर चित्र रेघेरेघेने उतरले. जानवे त्यांच्या उजव्या खांद्यावर होते. पितरांना पाणी देतानाच आपण ते तसे घेतो.

मुलगा हसला. "नाना, फिल्म उलटी घातलीत तुम्ही. आरती बघा ना, आबा डाव्या हाताने ओवाळताहेत!"

त्याने ती पालटून घातली. जानवे डाव्या खांद्यावर आले.

"छान आलाय. मोठा करून छापू का?"

"नको." माणूस गेल्यावर हार घालायला असाच मोठा फोटो करून घेतात, हे उच्चारण्याचा धीर मला झाला नाही. "ते यंत्र बंद कर. जळगावची एसटी आत्ता मिळेल का, तेवढे बघ."